नमुन्याची फटफटी जाते कुठे?

कामगार संघटनेच्या माणसाने जुन्या मोटारसायकलींवर बोलावे ह्याचे पुष्कळांना नवल वाटले. व्याख्यानाच्या आधी एका स्नेह्यांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारलेच, "काय हो, बोनस, महागाईभत्ता, ग्रॅच्युइटी हे विषय संपले वाटते?" ते संपलेले नाहीत. किंबहुना ग्रॅच्युइटीच्या वाटेनेच आम्ही ह्या विषयापर्यंत येऊन पोचलो. ती वाट वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममधून जाते. पण तिकडे वळण्यापूर्वी नमुन्याची गाडी म्हणजे काय चीज असते ते सांगणे भाग आहे. कारण रोज फटफटीवर बसणाऱ्यांपैकीही फार थोड्यांनी तसली गाडी पाहिलेली असते.

रस्त्यावर आपण पाहतो ती गाडी लाखांतली एक असते. तिचा एखादा भाग मोडला तर तसाच दुसरा दुकानात मिळतो. हे शक्य होते ते डायमुळे. पोलादाचा डाय एकदा तयार झाला की त्यात वितळलेले ॲल्युमिनियम दाबाने भरून एंजिनाच्या पेटीसारखे भाग एकामागून एक, एकाच मापाचे काढता येतात. परंतु डाय करायला महिनेच्या महिने लागतात, आणि पैसा तर इतका लागतो की गाडी चालणार अशी खात्री पटल्यावाचून कोणी शहाणा मालक त्याला हात घालीत नाही. मग खात्री पटावी कशी? त्यासाठी आधी एक गाडी हातांनी करावी लागते. पॅटर्नमेकर लाकडातून एंजिनाच्या पेटीचा पॅटर्न कोरतो. धातू निवताना आकसतो, म्हणून तो पॅटर्न मूळ मापापेक्षा शेकडा एक-सव्वाने मोठा ठेवतो. फाउंड्रीत तो वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात धातू ओततात. बाहेर आलेला खडबडीत गोळा मग टूलरूममध्ये लेथवर आणि मिलिंगवर चढतो. पेट्रोलची टाकी लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठोकून करतात. कार्बुरेटर, मॅग्नेटो, चाके वगैरे जे तयार मिळते ते दुसऱ्या एखाद्या गाडीचे उसने घेतात. अशा रीतीने जी उभी राहते ती नमुन्याची गाडी. तिच्यावरचे कानसीचे फराटे कोणत्या फिटरच्या हातचे, हे त्या टूलरूममधला माणूस नुसते पाहून सांगतो.

आता गंमत अशी की, नमुना यशस्वी झाला तर तो जगण्याची आशा कमी असते. त्याला मोडेपर्यंत पळवायचे, मोडला की का मोडला ते पाहायचे, हेच त्याचे काम. पहिल्या नमुन्याचा चांगला निघालेला गिअरबॉक्स दुसऱ्या नमुन्यात जातो, दुसऱ्याचा सांगाडा तिसऱ्याला. शेवटी पहिल्याचे उरते काय? आणखी एक गोष्ट. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमाप्रमाणे कोणतीही नवी गाडी बाजारात आणण्यापूर्वी तिचा नमुना मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. १९६६ साली पुण्यात निघालेली ए.आर.ए.आय. ही त्यांतलीच एक, आणि अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, लष्करी वाहनांची संशोधनसंस्था ही दुसरी. तेव्हा देशभरातल्या किती तरी नमुन्यांनी महाराष्ट्राची धूळ खाल्ली आहे. परंतु तपासणी संपून माल बाजारात आला की कारखान्याला त्या जुन्या नमुन्याची अडचण वाटू लागते. तो बाहेर विकता येत नाही, कारण त्याची रस्त्यासाठी नोंदणीच नसते. ठेवावा तर जागा अडते. मग करवत लावतात.

उलट नापास झालेला, किंवा पास होऊनही पैशाअभावी राहून गेलेला नमुना गोणपाटाखाली कोपऱ्यात उभा राहतो. त्याचे भाग पुढच्या कोणत्या गाडीला लागायचे नसतात, म्हणून त्याला कोणी हात लावीत नाही. आज जगात जे दुर्मिळ नमुने शिल्लक आहेत त्यांत अशा नापासांचा भरणा मोठा आहे.

इंग्लंडमधली एक हकीकत सांगण्यासारखी आहे. ट्रायम्फ आणि बी.एस.ए. ह्या एकाच मालकीच्या दोन नामांकित छापांनी १९७० च्या अखेरीस ३५० सी.सी.ची दोन सिलिंडरची एक नवी मोटारसायकल जाहीर केली. ट्रायम्फच्या नावाने ती बँडिट आणि बी.एस.ए.च्या नावाने फ्यूरी. मूळ कल्पना एडवर्ड टर्नर ह्यांची. १९३७ च्या स्पीड ट्विनचे जनक म्हणून हे गृहस्थ प्रसिद्ध आहेत. त्यांच्या आराखड्यात बर्ट हॉपवुड आणि डग हील ह्यांनी बरेच फेरफार केले. माहितीपत्रके छापून झाली, गाड्यांचे फोटो झळकले; आणि कंपनीच पैशाच्या गर्तेत गेली. गाडी विक्रीला आली नाही ती नाहीच. मागे राहिले ते थोडे नमुने, आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात.

ह्याहून जुनी कथा व्हेलोसेट कंपनीच्या 'रोअरर'ची. ५०० सी.सी., दोन सिलिंडर, हवा दाबून भरणारा सुपरचार्जर आणि साखळीऐवजी शाफ्ट, अशी ती शर्यतीची गाडी. १९३९ साली आइल ऑफ मॅनच्या शर्यतीपूर्वी स्टॅनली वुड्स ह्यांनी ती सरावात पळवली. प्रत्यक्ष शर्यतीत ती उतरली नाही. पुढे महायुद्ध आले, आणि युद्ध संपल्यावर शर्यतींत सुपरचार्जरवरच बंदी आली. म्हणजे जिच्यासाठी ती गाडी केली ते कामच उरले नाही. तरी ती जगली, कारण आयव्हन ऱ्होड्स नावाच्या व्हेलोसेटच्या एका अभ्यासकाने तिचा ध्यास घेतला आणि ती पुन्हा चालती केली. लोखंड आपोआप टिकत नाही, त्याला कोणीतरी धनी लागतो. आपल्याकडेही पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे ह्यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे, ते असेच एका माणसाच्या ध्यासातून.

इटलीत पिआज्जो कंपनीने मात्र हे काम स्वतः केले. व्हेस्पाच्या आधी, १९४४ च्या सुमारास, त्यांनी एम.पी.-५ नावाची एक स्कूटर केली होती. ती मालकाला पसंत पडली नाही; मग कोर्रादिनो दास्कानिओ ह्या विमानाच्या इंजिनिअराने सगळे नव्याने मांडले आणि १९४६ च्या एप्रिलात व्हेस्पाचे पेटंट घेतले गेले. ती नापसंत एम.पी.-५ आजही पोन्तेदेराच्या संग्रहालयात पाहायला मिळते. हे संग्रहालय २००० साली उघडले, आणि ते कारखान्याच्या जुन्या टूलरूमच्या इमारतीतच भरवले आहे! आमच्यासारख्याला ही बातमी वाचून हेवा वाटला. त्याच व्हेस्पाच्या परवान्यावर बजाजची स्कूटर आपल्याकडे आली, १९७१ साली परवाना संपला आणि १९७२ मध्ये चेतक निघाली; तेव्हा नाते अगदीच दूरचे नव्हे.

आता आपल्या रस्त्यावर या. ठाण्याच्या तीन स्टेशने अलीकडे, भांडुपला, आग्रा रोडवर ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा कारखाना होता. १९४९ साली निघालेल्या ह्या कंपनीने इटलीच्या इनोचेंतीच्या परवान्यावर लँब्रेटा स्कूटर बनवली. पुढे तीच 'लँबी' झाली. मुलुंड, ठाणे, वागळे इस्टेट ह्या पट्ट्यात लँब्रेटावर बायकोमुलांना बसवून येऊर पाहायला गेलेले फिटर-टर्नर आजही भेटतील. मिलानला खुद्द इनोचेंतीने लँब्रेटा बंद केली, आणि तिची यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडियाने घेतली. ही सरकारी कंपनी १९७२ साली निघाली आणि २०२१ साली केंद्र सरकारने तीही बंद करण्यास मान्यता दिली. मद्रासच्या एनफिल्डचे भाग्य निराळे. १९५५ साली तिथे कंपनी निघाली, इंग्लंडहून साधनसामग्री आली, १९७० च्या सुमारास विलायतेतले मूळ घर मोडले, पण इकडे बुलेट चालूच राहिली. ह्यावरून एक दिसते: चालू मालाचे डाय आणि जिग ह्यांना गिऱ्हाईक मिळते, म्हणून ते समुद्र ओलांडूनही जगतात. न चाललेल्या मालाच्या लाकडी पॅटर्नला कोण गिऱ्हाईक मिळणार?

वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. महामंडळ निघाले १९६२ साली. रस्त्यांना नावे न देता नुसते क्रमांक दिले. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस असे. किसननगरच्या चाळींतून माणसे भोंग्यावर पायी कामाला येत. इथल्या पुष्कळशा लहान-मध्यम कारखान्यांत दुसऱ्यांच्या यंत्रांचे भाग होत; म्हणजे अमुक वस्तू इथे झाली असे तिच्यावर कुठे लिहिलेले नसे. आज त्यांतल्या पुष्कळ प्लॉटांवर काचेच्या इमारती आहेत आणि आत संगणकावर काम चालते.

अशाच एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, आमची संघटना होती. दुचाक्यांचे सुटे भाग तिथे होत. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत त्या काळात तिथल्या मालकांच्या मनात आले की दुसऱ्यांचे भाग किती दिवस करायचे, आपलीच एक हलकी मोटारसायकल का काढू नये? टूलरूमने एक नमुना केला. तो चालला, असे जुने कामगार सांगत. पण परवाना, भांडवल ह्यांचे जमले नाही, आणि गाडी कोपऱ्यात गेली. १९९० नंतरच्या दशकात तो कारखानाच बंद पडला. आम्ही तेव्हा संघटनेत नवे होतो, तिशीही ओलांडली नव्हती. प्रकरण कोर्टात गेले, लिक्विडेटर नेमला गेला, आणि मालमत्तेची यादी करायला कारकून आला तेव्हा कामगारांच्या वतीने आम्ही हजर राहिलो.

तिथल्या टूलरूमचे एक जुने फिटर होते. लहानथोर सारे त्यांना मामा म्हणत. कारकुनाने गोणपाट उचलले, खालची गाडी पाहिली आणि 'भंगार, लोखंड व ॲल्युमिनियम' ह्या लॉटमध्ये ती लिहिली. मामांनी आम्हांला खिडकीपाशी नेले. "अरे, ही तेवढी वेगळी काढायला सांग. असली दुसरी नाही."

आम्ही म्हणालो, "मामा, लोकांच्या घरी चूल पेटत नाही, आणि आपण गाडी वाचवत बसायचे? एकेका वस्तूवर हरकत घेत बसलो तर लिलाव वर्षभर लांबेल."

मामा पुढे काही बोलले नाहीत. आम्ही यादीवर सही केली.

भंगारवाल्याची माणसे आली तेव्हा आम्ही तिथे होतो. त्यांनी आधी एंजिन सोडवले, कारण ॲल्युमिनियमला लोखंडाच्या कितीतरी पट भाव. पेटी घणाने फोडली, म्हणजे आतले पोलादी दांडे आणि बेअरिंगे सुटी होतात. मॅग्नेटोतली तांब्याची तार वेगळी, पितळी झडपा वेगळ्या, सांगाडा शेवटी. नमुन्याच्या गाडीत जे सर्वांत अपूर्व असते, वाळूत ओतलेले आणि हाताने घासलेले, तेच भट्टीत सर्वांत आधी जाते, हे त्या दिवशी आम्ही डोळ्यांनी पाहिले. नकाशांचे कपाट रद्दीवाल्याने उचलले. लाकडी पॅटर्न कोणीतरी जळणाला नेले.

आणि पैसे? त्या गाडीचे म्हणून कामगारांच्या वाट्याला माणशी दहा रुपयेही आले नसतील. लिलाव लवकर होऊनही देणी हातात पडायला पुढे वर्षे गेली. म्हणजे जिच्यासाठी आम्ही घाई केली ती गोष्टही साधली नाही.

पुढे कायदा नीट वाचू लागलो तेव्हा आमची चूक आम्हांला कळली. १९५६ च्या कंपनी कायद्यात १९८५ साली ५२९-अ हे कलम घातले गेले आणि बंद कंपनीच्या मालमत्तेत कामगारांच्या देण्यांना तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत ते स्थान राहिले आहे, मात्र लिक्विडेशन सुरू होण्यापूर्वीच्या चोवीस महिन्यांच्या देण्यांपुरतेच. (ही चोवीस महिन्यांची मर्यादा आम्हांला मुळीच मान्य नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) ह्याचा साधा अर्थ असा की मालमत्ता विकून जो पैसा येतो त्यात कामगार भागीदार आहे. मग ती किलोच्या भावाने जावी की वस्तूच्या भावाने, ह्यात त्याचा हितसंबंध नाही काय? मामांनी मागितले होते ते दानधर्म म्हणून नव्हे. गाडी वेगळ्या लॉटमध्ये लिहिली असती, सोबत नकाशे आणि पॅटर्न ठेवले असते, आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांपर्यंत चार ओळींची जाहिरात पोचवली असती, तर ती भंगारापेक्षा खाली गेली नसती आणि वर जाण्याची वाट तरी मोकळी राहिली असती. त्याला वर्षही लागले नसते. चूल आणि गाडी ह्यांत एकच निवडायची आहे हे गृहीत आम्ही धरले होते. कारकुनाने आमच्यावर लादले नव्हते.

इंग्लंडच्या मेरिडन गावच्या कामगारांची गोष्ट आम्ही बरीच नंतर वाचली. १९७३ च्या सप्टेंबरात ट्रायम्फचा तिथला कारखाना बंद करण्याची घोषणा झाली, तेव्हा कामगारांनी दरवाजे अडवले. तयार गाड्या, साचे, नकाशे सारे आत. टोनी बेन हे मजूर पक्षाचे मंत्री पाठीशी उभे राहिले, सरकारने सुमारे ५० लाख पौंडांचे कर्ज आणि अनुदान दिले, आणि १९७५ साली कामगारांची सहकारी संस्था बॉनव्हिल मोटारसायकली बनवू लागली. संस्था १९८३ पर्यंत टिकली. तिच्या यशापयशावर आमच्या चळवळीत पुष्कळ वाद झाले आहेत. पण मोटारसायकलवाले एक गोष्ट बिनतक्रार मान्य करतात की, ते दार त्या वेळी अडवले गेले नसते तर बॉनव्हिल १९७३ सालीच संपली असती. ट्रायम्फचे नाव पुढे जॉन ब्लूर ह्यांनी घेतले आणि दुसऱ्या गावी नवा कारखाना काढला. मेरिडनच्या जागेवर घरे झाली; तिथल्या एका गल्लीचे नाव 'बॉनव्हिल' आहे. आमच्याकडे गृहसंकुले पुष्कळ झाली, पण त्यांच्या नावांवरून खाली कोणता कारखाना होता हे कळायची सोय नाही.

संग्रहालयात गाडी पोचली म्हणजे ती वाचली, असेही समजू नये. बर्मिंगहॅमजवळच्या राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालयाला १६ सप्टेंबर २००३ रोजी आग लागली आणि सुमारे ३८० गाड्या जळाल्या. टाकून दिलेले सिगारेटचे थोटुक, एवढेच निमित्त. २००४ च्या अखेरीस संग्रहालय पुन्हा उघडले आणि जळालेल्या पुष्कळ गाड्या पुन्हा उभ्या करण्यात आल्या. कशावरून? मापे कागदावर होती, फोटो होते, आणि त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाड्या होत्या. नमुन्याच्या गाडीला दुसरी गाडी नसते; म्हणून तिच्या बाबतीत सारा भार कागदावर येतो. कागद नसला तर आणखी एक विघ्न येते. दुर्मिळ गाड्यांना भाव येऊ लागला की चार जुन्या गाड्यांचे भाग जोडून 'हा कारखान्याचा गुप्त नमुना' म्हणून विकणारेही निघतात, आणि खरे-खोटे ठरवायला टूलरूमच्या नोंदीवाचून दुसरे साधन नसते.

आपल्या सरकारनेही २०२१ च्या जुलैमध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या खाजगी दुचाक्या आणि मोटारी 'व्हिंटेज' ठरतात, त्यांना 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. चांगली गोष्ट आहे. पण जिची पहिली नोंदणीच झाली नाही, जिचे बिल कधी फाटले नाही, त्या नमुन्याने वय मोजायचे कुठून? कायद्याच्या दृष्टीने ती गाडी जन्मलेलीच नाही.

व्याख्यानानंतर एका तरुणाने विचारले की आता वागळे इस्टेटमध्ये वाचवण्यासारखे काय उरले आहे? गाड्या फारशा नसतील. पण बंद शेडमध्ये पॅटर्नचे रॅक आहेत, निवृत्त फिटरांच्या घरी माळ्यावर नकाशांच्या गुंडाळ्या आहेत. गेल्या काही वर्षांत आमच्या संघटनेने एक रिवाज पाडला आहे. कारखाना बंद होऊन यादी करण्याची वेळ आली की टूलरूमचा एक जुना माणूस बरोबर न्यायचा, वेगळी वाटेल त्या प्रत्येक वस्तूचा फोटो घ्यायचा, आणि ती वेगळ्या लॉटमध्ये लिहावी असा अर्ज लिक्विडेटरकडे त्याच दिवशी द्यायचा. दोन वेळा अर्ज मान्य झाला. एकदा एक जुने जर्मन लेथ आणि एकदा पॅटर्नची पेटी, दोन्ही वस्तू भंगाराच्या दरापेक्षा चांगल्या किमतीला गेल्या. एकदा अर्जाला उत्तरच आले नाही.

मामा आता नाहीत. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने एक वही आणून दिली. शंभर पानी, शाळेच्या मुलांची असते तशी. त्या मोटारसायकलीच्या प्रत्येक भागाचे माप तिच्यात पेन्सिलीने लिहिलेले आहे. कोणत्या दिवशी कोणता भाग तुटला, मग तो किती जाड केला, तेही आहे. एका पानावर गाडीने पहिल्यांदा चेकनाक्यापर्यंत जाऊन परत येण्याची वेळ मिनिटांत टिपली आहे, आणि पुढे लिहिले आहे, 'तेल गळते, डावी बाजू'. वही आमच्या कचेरीत आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी कोणत्याही दिवशी संध्याकाळी सहानंतर यावे. झेरॉक्स काढून देऊ.